आई ठरलात, म्हणूनच

लिफ्ट दुरुस्त करणारा तो माणूस कामावर असताना गेला, आणि त्याच्यासोबत दहा वर्षं संसार केलेली पार्लरवाली एका दिवसात कोणाचीच कोणी नाही अशी झाली. लग्न करायचं दोघांच्याही डोक्यात होतं. पण कधी त्याला सुट्टी नसायची, कधी हिला. तिला स्वतःसाठी काही नको होतं. आठ वर्षांच्या लेकीला, भिंगरीला, वारसाचं निवृत्तिवेतन मिळावं, एवढंच.

"हेच वडील, याला पुरावा?" पेन्शन कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं.

तिने फोटो पुढे केला. तो कंबरेत वाकून लेकीची सायकल धरतोय.

"फोटो कुणीही काढतं हो. वडिलांनी स्वतः येऊन 'मूल माझं' अशा कबुलीवर सही करायला हवी."

"ते वारलेत. म्हणून तर आलेय."

"तेच म्हणतोय मी. आधी यायला हवं होतं."

तेवढ्यात दारातून भिंगरीच्या बापाची आई आली. दहा वर्षांत म्हातारीने ना हिला उंबरा ओलांडू दिला होता, ना नातीचं तोंड पाहिलं होतं. ती तरातरा येऊन शेजारच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "माझा मुलगा बिनलग्नाचा, बिनमुलाबाळांचा गेला. जे काय असेल ते मला द्या."

पार्लरवालीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण लेक मांडीवर होती.

साहेब आनंदाने म्हातारीकडे वळले. "तुम्ही त्यांच्या आई, याला पुरावा?"

"अहो, मी जन्म दिलाय त्याला!"

"तसं सगळ्याच म्हणतात."

जन्मनोंदीचं दप्तर म्हणे जुन्या इमारतीच्या आगीत जळालं होतं. शाळेच्या दाखल्यावर फक्त बापाचं नाव, कारण तेव्हा आईचं नाव विचारायची पद्धतच नव्हती. म्हातारी हातवारे करून सांगत होती, त्याला गोवर कधी आला, पहिला दात कुठला पडला. साहेब मान डोलावत होते आणि काहीच लिहून घेत नव्हते.

"आता एकच मार्ग," ते म्हणाले. "डीएनए तपासणी. ते तर आता नाहीत. त्यांच्या रक्ताचं दुसरं कोणी आहे का, तुमच्याशी जुळवून बघायला?"

म्हातारीने पंख्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"मी आहे," भिंगरी म्हणाली. "काय करायचं असतं?"

"तोंडातली लाळ द्यायची."

"थुंकायचं? ते मला येतं."

पार्लरवालीला वाटलं, म्हातारी आता उठून जाईल. नातीला नाकारलं तर स्वतःचं आईपण हवेत, आणि मान्य केलं तर हक्क नातीचा. म्हातारीने पदराने कपाळ पुसलं. "चाळीस वर्षं आई होते मी त्याची," ती हळूच म्हणाली, "आणि हा मला कोण विचारतोय!" मग ताठ बसून तिने तोंड उघडलं.

अहवाल आला. रक्त जुळलं. साहेबांनी तिघींना बोलावलं.

"अभिनंदन. तुम्ही आजी-नात आहात."

"म्हणजे मी त्याची आई ठरले ना?"

"ठरलात. म्हणूनच तुम्हाला काही मिळणार नाही. मुलीचा हक्क आधी."

म्हातारीने त्यांना असा काही शब्द ऐकवला की पार्लरवालीने लेकीचे कान झाकले. झाकताना तिला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणीच आलं, आणि ते नुसत्या हसण्याचं नव्हतं.

बाहेर बसथांब्यावर भिंगरीने विचारलं, "तुम्हाला आजी म्हणू?"

"म्हण. सरकारनेच सांगितलंय आता."

"आणि मी आई म्हणू का?" पार्लरवालीने हिय्या करून विचारलं.

म्हातारीने तिला खालून वर न्याहाळलं. "तुझा रिपोर्ट कुठे आलाय अजून?"

पण बाकावर सरकून तिने जागा मात्र केली.