दार ठोठावण्यापुरती जागा

कॉफीच्या पितळी फिल्टरच्या झाकणावर बोटाच्या पेराने केलेली हलकी टकटक. तिरुवल्लिकेणीतल्या त्या घराची सकाळ मला आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा कोरा अर्क, खाली उतरताना अडलं की अंबुजाअक्का अशी टकटक करायच्या आणि मान किंचित कलती करून थेंबांची चाहूल घ्यायच्या. तोवर मार्गशीर्षाचं कोवळं ऊन उंबऱ्याबाहेरच्या रांगोळीवर उतरलेलं असे. मी साताऱ्याहून नोकरीसाठी चेन्नईत आलेली, त्यांच्या मागच्या खोलीतली भाडेकरू. त्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या तंजावरी मराठी घरातल्या, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. आमच्या दोन मराठींची गाठ पडायची ती बहुधा कॉफीवरच.

मुलगा परदेशी गेल्यावर अक्का वरचा मजला परदेशी पाहुण्यांना थोड्या थोड्या दिवसांसाठी देऊ लागल्या आणि ओस पडलेला जिना पुन्हा बोलका झाला. समुद्राकडे कोणत्या गल्लीने जायचं, जेवण झाल्यावर केळीचं पान कोणत्या बाजूने मिटायचं, असले प्रश्न घेऊन पाहुणे खाली येत. अक्का “अय्यो!” म्हणत कपाळाला हात लावत आणि मनातून अशा खुलत, की ते चेहऱ्यावर लपत नसे.

मुलाच्या कानावर हे गेलं तेव्हा त्याने काळजीपोटी सुचवलं, की सगळी माहिती एकदाच लिहून वर ठेव, उगाच त्रास नको. अक्कांनी ते फारच मनावर घेतलं. संध्याकाळच्या मावळत्या उजेडात त्या सांगत आणि मी टंकत असे. गल्लीत म्हैस आडवी उभी असली तर घाई करू नये, तिला तिचं ठरवू द्यावं; रांगोळी ओलांडू नये, कडेने यावं; फुलवालीने गजरा पुढे केला तर नाक लावून हुंगू नये, तो देवासाठीही असू शकतो. शेवटचं पान कॉफीचं होतं. त्यात ती टकटकसुद्धा होती.

त्यानंतर नॉर्वेचं एक जोडपं आलं, हसतमुखाने राहिलं आणि जाताना मनापासून म्हणालं, “तुमची मार्गदर्शिका इतकी छान आहे, की तुम्हाला एकदाही त्रास द्यावा लागला नाही!” अक्कांनी हसून हात जोडले. आत येऊन पाहते तो ओट्यावर कॉफीचे दोन जादा पेले तसेच गार झालेले. त्या मुक्कामात रोज सकाळी त्यांनी ते भरून ठेवले होते. मला फार वाईट वाटलं. त्या घराची शांतता इतक्या नेटकेपणाने टाइप करणारी मीच होते.

“कॉफीचें पान काढून टाक,” दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या. “तेथें इतकेंच लिही, कॉफी हवी तर खालीं येऊन दार ठोका.”

“आणि मुलाने विचारलं तर?”

“सांग त्याला, अक्का विसरली म्हणून. शरी?” ‘बरं का’ला त्यांचा तो तमिळ शब्द.

पुढच्याच आठवड्यात एक उंच, झोपाळलेला पाहुणा सकाळी चौकटीत वाकून उभा राहिला. अक्कांनी त्याला पेला कसा धरायचा ते दाखवलं, त्याने तो चुकीचाच धरला, बोटं भाजली, आणि दोघंही लहान मुलांसारखी हसली. मला वाटतं, त्या दिवशी ऊनही स्वयंपाकघरात जरा जास्त वेळ रेंगाळलं.

आता मी चेन्नईबाहेर, श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला राहते. काढलेलं ते पान माझ्याकडे आहे, कृती तोंडपाठ आहे, फिल्टरही पितळीच घेतला आहे. तरीही रविवारी बस पकडून मी त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहते. काळ माणसाला पुसून टाकतो म्हणतात. मला भीती वाटते ती माणूस संपूर्ण लिहून होण्याची. म्हणून अंबुजाअक्कांविषयी सगळं मी इथे लिहिलेलं नाही. त्या नसतील त्या सकाळीही दार ठोठावण्यापुरती जागा उरायला हवी.