बधिर होईपर्यंतची गिटार

माझी खालची डावी दाढ मी दाताच्या डॉक्टरांकडे सहा वेळा नेली. काम चार खेपांचं होतं. उरलेल्या दोन गिटारने खाल्ल्या.

आमचे डॉक्टर पंचेचाळिशीचे, हाताने हलके आणि स्वभावाने इतके सरळ की बिलसुद्धा मान खाली घालून देतात. दवाखाना पहिल्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या आणि असिस्टंट बाईंचं टेबल. आतल्या खोलीत ती मोठी, मागे कलणारी खुर्ची, पांढऱ्या फरश्या, आणि खिडकीशी एका स्टँडवर निळी इलेक्ट्रिक गिटार. खुर्चीच्या डोक्याशी एक बुटकं स्टूल आहे. ते खरं तर पेशंटच्या पिशव्या ठेवायला. त्यावर गिटारचा अँप्लिफायर बसला होता, म्हणजे ज्या डब्यातून गिटारचा आवाज बाहेर पडतो तो. माझी पिशवी माझ्या पोटावर.

इंजेक्शन दिल्यावर जबडा बधिर व्हायला दहा मिनिटं लागतात. इतर डॉक्टर तेवढ्यात चहा घेतात. आमचे हातमोजे काढतात आणि गिटार गळ्यात अडकवतात.

“काका, जरा ऐका हं,” पहिल्या दिवशी ते म्हणाले आणि त्यांनी काहीतरी वाजवलं. “कसा वाटतो आवाज?”

माझ्या तोंडात कापसाचे दोन बोळे होते, लाळ ओढणारी नळी होती आणि ओठ माझा राहिला नव्हता. मी म्हणालो, “आँ.”

“बरोबर,” डॉक्टर खिन्न होऊन म्हणाले. “मलाही मंदच वाटतो.”

हे प्रकरण त्यांच्या मेहुण्यापासून सुरू झालं होतं. बायकोचा हा धाकटा भाऊ मोटार शिकवण्याचा वर्ग चालवतो. शिकवण्याच्या गाडीत त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो आणि समोरच्याने चूक करायच्या आत तो दाबायची त्याला सवय. घरात, लग्नकार्यात, बोलण्यात, सगळीकडे तो दाबतो. डॉक्टर ज्या बँडमध्ये बावीस वर्षं गिटार वाजवतात तो बँड चालवतोही तोच. पुढच्या महिन्याअखेरीला सभागृहात कार्यक्रम होता. पहिल्या गाण्याची सुरुवात एकट्या गिटारची, वीस सेकंद. त्यात आठ छोटे तुकडे. बाकी सगळे तेव्हा हात बांधून उभे.

“भाऊजी, आवाज स्वच्छ नाही,” मेहुणा तालमीत म्हणाला होता. “नुकत्या धुतलेल्या काचेच्या पेल्यासारखा पाहिजे. कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारपर्यंत झाला तर ठीक. नाहीतर सुरुवात कीबोर्डवर घेऊ. त्यात गिटारचं बटण असतं.”

बटण! हा शब्द उच्चारताना डॉक्टर माझ्या दाढेत सुई तशीच ठेवून गिटारकडे वळून पाहू लागले. बावीस वर्षांत संपूर्ण कार्यक्रमात त्यांच्या एकट्याचे असे एवढेच वीस सेकंद आले होते, आणि ते बटणाला जाणार होते.

आता ‘स्वच्छ नाही’ असं दाताच्या डॉक्टरला सांगितलं की तो काय करणार? खरवडणार. पहिल्या आठवड्यात त्यांनी अँप्लिफायरचं ते बटण खाली आणलं ज्याने आवाज फाटतो आणि भरभरतो. हे योग्यच होतं आणि इथेच थांबले असते तर माझी दाढ चार खेपांत झाली असती. पण डॉक्टरांना आवाज अजूनही मंद वाटत होता. मग त्यांनी तीक्ष्णपणाचं बटण पाचवरून सातवर नेलं. मग तारा बदलल्या. नव्या तारा चमकतात, पण पंधरा दिवसांत हाताच्या घामाने त्या मरतात. कोणीतरी सांगितलं, जुन्या तारा उकळल्या की पुन्हा जिवंत होतात. डॉक्टरांकडे तर उकळण्याच्या वरचं यंत्र होतं. चिमटे-आरसे निर्जंतुक करायचा वाफेचा डबा.

तिसऱ्या खेपेला मी बाहेर बसलो होतो तेव्हा आतून बाईंचा आवाज आला. बाई दवाखान्यात अठरा वर्षं आहेत आणि पगार बुडण्याखेरीज कशालाच घाबरत नाहीत.

“डॉक्टर, हे काय गुंडाळून ठेवलंय चिमट्यांच्या ट्रेमध्ये?”

“तारा आहेत बाई. निर्जंतुक होतायत.”

“गिटारला काय कीड लागलीय?”

“उकळल्याने आवाज उघडतो.”

“लोकांच्या तोंडात जायच्या वस्तूंबरोबर तुमच्या तारा शिजवायच्या नाहीत. एक तर त्या डब्यात तारा राहतील, नाहीतर दवाखान्यात मी.”

डॉक्टरांनी यावर थोडा विचार केला असावा. मग ते म्हणाले, “एवढी एक खेप होऊ दे.”

बाईंनी अख्खा ट्रे पुन्हा धुतला, पुन्हा वाफेत घातला, आणि माझी वेळ पाऊण तासाने पुढे गेली. उकळलेल्या तारा दोन दिवस गायल्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा मुक्या झाल्या.

मग नवी वायर आली. मग पायाने दाबायची एक छोटी पेटी आली, जिने म्हणे हळू आणि जोरात वाजलेले सूर सारख्याच जोराचे होतात. मग हवेच्या पंपाचा शोध लागला. आमच्या दात कोरणाऱ्या यंत्राला हवा पुरवणारी मोटर संडासाच्या मागे आहे. ती चालू झाली की अँप्लिफायरमधून ‘घ्यँऽऽ’ असा सूर निघे. डॉक्टरांनी मोटर बंद करून वाजवायला सुरुवात केली. मोटर बंद म्हणजे कोरणं बंद. चौथी खेप त्यातच गेली. मी बधिर होऊन घरी आलो आणि दाढ होती तशीच होती.

“झालं का?” बायकोने विचारलं.

मी म्हणालो, “आँ.”

तीक्ष्णपणाचं बटण एव्हाना दहावर होतं. त्यापुढे आकडे नाहीत, म्हणून दहावर.

इथे मी एक कबुली देतो. पहिल्या खेपेपासून तो आवाज मला मंद वाटत नव्हता. तो डाव्या कानातून सुईसारखा आत शिरे आणि बधिर न झालेल्या एकुलत्या एका बाजूला जाऊन लागे. पाचव्या खेपेला तर माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टर म्हणाले, “दुखतंय का काका? अजून एक इंजेक्शन देतो.” आणि त्या इंजेक्शनची दहा मिनिटं पुन्हा गिटार; ती खेपही अशीच गेली. मी बोललो का नाही? बोळे तर होतेच. पण बोळे निघाल्यावरही नाही बोललो. ज्याच्या हातात सुई आहे आणि ती सुई आपल्या दाढेच्या मुळाशी आहे, त्याच्या कलेबद्दल मत देणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. बाईही ‘छान’ म्हणत. नंतर कळलं की त्या पेशंटसाठी आणलेल्या कापसाचे बोळे स्वतःच्या कानात घालून बसायच्या. डॉक्टरांना वाटे, कापूस इतका लवकर कसा संपतो?

सहाव्या खेपेला, मेहुण्याने दिलेल्या रविवारच्या आदल्या दिवशी, माझं काम संपलं. दाढेत सिमेंट बसलं. मी चूळ भरली, ओठ जागेवर आहे ना ते चाचपलं, आणि पाहिलं तर डॉक्टर गोल फिरत्या स्टुलावर कोसळल्यासारखे बसले होते.

“पाच आठवडे, काका. एवढ्यात मी बत्तीस दात बसवले असते. मंदच. घोंगडीखालून आल्यासारखा. उद्या बटण दाबतील.”

सुई त्यांच्या हातात नव्हती. दाढ बंद झाली होती. मला धीर आला.

“डॉक्टर, तुम्ही कुठे उभे राहून वाजवता?”

“इथेच. खिडकीशी. वायर तेवढीच पोचते.”

“म्हणजे अँप्लिफायरच्या डब्याच्या पाठीमागे.”

“हो. मग?”

“मग एकदा इथे झोपा.”

“कुठे?”

“माझ्या जागी.”

डॉक्टर खुर्चीकडे पाहत राहिले. अठरा वर्षांत ते त्या खुर्चीवर झोपले नसावेत. मग गिटार पोटावर घेऊन ते हळूच आडवे झाले. वायर ताणली गेली, पण पोचली. मी पायाशी असलेलं बटण दाबलं तशी खुर्ची घूं करत मागे गेली आणि त्यांचं डोकं बुटक्या स्टुलाच्या उंचीला आलं, डब्याच्या जाळीपासून दीड वितीवर. वरचा दिवा त्यांच्या डोळ्यांत.

त्यांनी पहिला तुकडा वाजवला.

डॉक्टर असे उठले की खुर्चीला लावलेला पाण्याचा पेला आडवा झाला. “बाई गंऽ!”

“काय झालं?” बाई धावत आत आल्या. त्यांच्या एका कानातून कापूस लोंबत होता. डॉक्टरांनी तो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग डब्याकडे.

“हे तुम्हाला असं ऐकू येत होतं?”

“पहिल्या दिवसापासून,” मी म्हणालो.

“हे तर… हे तर कोरण्याचं यंत्रच आहे.”

“त्याच्यापेक्षा ते बरं,” बाई म्हणाल्या. “ते मधे मधे थांबतं.”

तीक्ष्ण सूर टॉर्चच्या उजेडासारखे असतात. डब्याच्या तोंडासमोर असेल त्यालाच लागतात. मागे उभ्या माणसाला नुसता उरलेला अंधार. डॉक्टर पाच आठवडे अंधारात उभे राहून वात वाढवत होते आणि चटका पेशंटला बसत होता. तालमीतही ते डब्याच्या मागेच उभे राहत आणि मेहुणा समोर.

“बोलायचं नाही का कोणी?” डॉक्टर वैतागले.

“तोंड कुठे रिकामं होतं?” मी म्हणालो.

“आणि बाई, तुम्ही?”

“मला वाटलं, तुम्हाला मुद्दाम तसाच पाहिजे.”

डॉक्टर पुन्हा आडवे झाले. बाईंनी स्टुलाजवळ बसून बटण फिरवलं. आठ. “नको.” सहा. “नको.” चार. डॉक्टर वाजवत राहिले. साडेतीनवर एक तार छेडली आणि खोलीत असं काही पसरलं की बाईंनी दुसऱ्या कानातलाही कापूस काढला. कुठेही टोचत नव्हतं, कुठेही भरभरत नव्हतं. प्रत्येक सूर सुटा, स्वच्छ.

“हाच,” डॉक्टर छताकडे पाहत म्हणाले. “हाच तो.”

दुसऱ्या दिवशी ते मला साक्षीदार म्हणून तालमीला घेऊन गेले. मोटार शिकवण्याच्या वर्गाची खोली. भिंतीवर वळणांची, चढणांची चित्रं, मधे बाकं. डॉक्टरांनी अँप्लिफायर आपल्या पाठीमागच्या बाकावर चढवला, त्याचं तोंड स्वतःच्या कानाकडे केलं, आणि बटण साडेतीनवर ठेवलं. कीबोर्डवाला जांभई देत बोट त्या गिटारच्या बटणावर ठेवून बसला होता. मेहुणा हाताची घडी घालून समोर.

पहिला तुकडा वाजला. मेहुण्याची घडी सुटली. दुसरा, तिसरा, चौथा. कीबोर्डवाल्याची जांभई अर्ध्यात राहिली. मला अभिमान वाटला. माझी दाढ कारणी लागली होती.

पाचव्या तुकड्यात एक सूर चुकला.

थोडाथोडका नाही. चांगला खणखणीत, स्वच्छ चुकला.

“थांबा,” मेहुणा म्हणाला. अर्थातच. “भाऊजी, तिथे काय वाजवलंत?”

“नेहमीचंच.”

“नेहमी असंच वाजवता?”

डॉक्टरांनी पुन्हा वाजवलं. पुन्हा तिथेच. पहिल्या तालमीपासून हा सूर चुकत होता. आधी भरभरीखाली, मग किंकाळीखाली. तो कुठला सूर आहे हे पाहायला कोणी थांबलंच नव्हतं. वाजवणाराही नाही. आता धुतलेल्या पेल्यावर ओठांचा ठसा दिसावा तसा तो दिसत होता.

“आवाज झकास झालाय,” मेहुणा म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच दाबणं नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. “पण भाऊजी, कार्यक्रम आठवड्यावर आलाय. सुरुवातीचंच गाणं आहे. बटण घेऊया ना?”

 डॉक्टर बाकावर बसले, डावा हात पाहिला, करंगळी गिटारच्या दांडीवर एक घर, म्हणजे एक पट्टी, पुढे सरकवली आणि पाचवा तुकडा एकटाच वाजवला. चुकला. पुन्हा. चुकला. ड्रमवाला चहा आणायला गेला. आठव्या वेळी करंगळी पोचली पण उशिरा पोचली. मेहुण्याने तोंड उघडलं.

“आँ?” डॉक्टर वर न बघता म्हणाले.

मेहुण्याने तोंड मिटलं.

बाराव्या वेळी सूर लागला. डॉक्टरांनी आनंद केला नाही. तेराव्या वेळी पुन्हा चुकला आणि ते त्या करंगळीला असं काही म्हणाले जे मी त्यांच्या तोंडून कुठल्याच पेशंटला म्हटलेलं ऐकलं नव्हतं. चौदाव्या, पंधराव्या, सोळाव्या वेळी लागोपाठ बरोबर. मग त्यांनी पहिल्यापासून आठही तुकडे वाजवले. पाचव्यावर मी बाकाची कड धरली. सूर लागला. घाईत, पण लागला.

 मेहुणा उठला, कीबोर्डकडे गेला आणि कीबोर्डवाल्याचं बोट बटणावरून उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं.

“रोज संध्याकाळी सहाला,” तो डॉक्टरांना म्हणाला. “दवाखाना बंद ठेवा.”

“बंद नाही,” डॉक्टर म्हणाले. “पेशंट आहेत. बधिर व्हायला दहा मिनिटं लागतातच.” आणि करंगळी पुन्हा त्या घरावर ठेवून त्यांनी पाचवा तुकडा सुरू केला.