हँगरवर जळणारा तराजू

मित्रांनो, मी एक जुना पितळी तराजू आहे आणि मी एका हँगरवर जळतो. हो, शर्ट अडकवायच्या साध्या प्लॅस्टिकच्या हँगरवर. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकता येईल.

जबलपूरला कांचघर भागात एक छोटी प्राथमिक शाळा आहे. तिथल्या तिसरीच्या वर्गात, काचेच्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर माझा मुक्काम होता. मला घडवलं रामरावांनी. कारखान्यात फिटर म्हणून सगळी उमर घालवून ते निवृत्त झाले होते. त्यांची सून प्रमोदिनीबाई या शाळेत शिकवायला लागली, तेव्हा तिच्या वर्गासाठी त्यांनी मला घरीच बनवलं. दांडी कानशीनं घासली, पारडी ठोकून गोल केली आणि मधला काटा असा बसवला की तांदळाचा दाणा टाकला तरी तो हलावा. "पोरं तोलून पाहतील," असं ते घासता घासता पुटपुटायचे. त्याच आशेवर मी शाळेत आलो.

तोलायला मात्र मला कुणी दिलंच नाही. एवढी सुबक वस्तू पोरांनी पाडली तर? प्रमोदिनीबाईंनी कपाटाला कुलूप घातलं. वजनाचा धडा आला की त्या फळ्यावर माझं चित्र काढायच्या आणि मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. कुणी काचेला नाक लावलं की बाई म्हणायच्या, "हाथ नहीं लगाना, दूर से देखो."

मान मात्र भरपूर होता. तपासणीला येणारे साहेब माझ्यासमोर थांबून वाहवा करायचे. दरवर्षी दसऱ्याच्या सुट्टीआधी रामराव स्वतः पूजेचं ताट घेऊन यायचे. नोकरीत असताना त्यांनी हत्यारांची पूजा कधी चुकवली नव्हती, मग स्वतःच्या हातच्या तराजूला कसे विसरतील? तेलाचं बोट, हळदकुंकू, अक्षता, सगळं मला फळीवर, पारडी टेकलेली असतानाच मिळायचं. शुभ म्हणून ते नेहमी उजव्या पारड्याला लावायचे. मुलांच्या हातात जायची माझी इच्छा काही पुरी होत नव्हती, पण देवासारखा मान मिळतो म्हणून मी फुगून बसायचो.

यंदा बाईंना प्रशिक्षणासाठी अधारतालला जावं लागलं. जाताना त्या कुरकुरत होत्या. भाषण ऐका, समोसा खा आणि सही करून घरी या, अशी प्रशिक्षणं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. परत आल्या त्या हातात हँगर घेऊन. त्याच्या दोन टोकांना सुतळीनं नारळाच्या करवंट्या बांधल्या होत्या. शेजारच्या वर्गातल्या सुखदाबाईंना त्या माझ्याच समोर सांगू लागल्या.

"अगं, शिकवणाऱ्या अंजनी दीदींनी आम्हाला चक्क खाली सतरंजीवर बसवलं. म्हणे, पोरांकडून जे करवून घ्यायचं ते आधी स्वतः करा. माझा हा हँगर एकीकडेच झुकून राहिला होता. मी म्हटलं, दीदी, काय चुकलं ते सांगा ना. तर म्हणतात, आप ही ढूँढिए. किती वेळ गेला माझा. मग समजलं, एक करवंटी जाड होती."

"मग त्यात एवढी खूश काहून होऊन राहिली तू?" सुखदाबाईंनी विचारलं.

"कारण मलाच सापडलं ना ते. इतकी वर्षं वजन शिकवून राहिली मी, पण हातानं कधी तोललंच नव्हतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी हाताच्या अंतरावर असताना ही बाई शिकली कुठे, तर अधारतालला, आणि तेही करवंटीकडून!

दुसऱ्या दिवसापासून हँगर खिडकीच्या गजाला लटकू लागला. मुलांनी त्यात खोडरबर तोललं, चिंचोके तोलले, डब्यातली पोळीसुद्धा तोलली. सुतळी तुटावी म्हणून मी देवाचा धावा केला. एकदा ती तुटलीही. मला केवढा आनंद झाला! पण मुलांनी लगेच गाठ मारली आणि त्या गाठीपायी त्यांचा हँगरवर जास्तच जीव जडला. जाड करवंटीची खोट त्यांनी दुसरीला माती चिकटवून भरून काढली होती. रोज सकाळी यशश्री नावाची मुलगी आधी रिकाम्या करवंट्या सारख्या आहेत ना ते पाहायची आणि मगच काही तोलायची. माझ्याकडे पाहायला कुणाला सवड नव्हती. मित्रांनो, मी रात्रंदिवस जळत होतो.

मग दोन पेरूंवरून वर्गात वाद पेटला. हँगर म्हणे दोन्ही सारखे, पण मुलांना ते पटेना. बाई म्हणाल्या, "चलो, बड़े तराज़ू से देखते हैं." कपाट उघडलं. नेमके त्याच वेळी रामराव पूजेचं ताट घेऊन दारात आले होते. मला खाली घेतलं, टेबलाच्या वर टांगलं. आता या हँगरची जिरवतो, असं मी मनात म्हटलं.

यशश्रीनं पेरू उचलला, पण टाकला नाही. सवयीप्रमाणे तिनं आधी माझी रिकामी पारडी पाहिली आणि ती बाईंना म्हणाली,

"दीदी, ये तो खाली में ही झुका है."

खरंच, रिकामं असूनही माझं उजवं पारडं खाली गेलं होतं. वर्षानुवर्षांचं तेल, हळदकुंकू आणि अक्षता यांचा तिथे जाड थर बसला होता. मला शरमेनं वितळून जावंसं वाटलं.

रामरावांनी ताट बाजूला ठेवलं आणि पारड्यावरून बोट फिरवलं. "माझ्या हातचा तराजू खोटं बोलून राहिला," ते हळूच म्हणाले. "इतक्या वर्षांत कोणाला दिसलं काहून नाही?"

"बाबा, कोणी हात लावला असता तर दिसलं असतं ना," बाई म्हणाल्या. "मीच लावू दिला नाही."

रामरावांनी चष्मा पुसला आणि मुलांच्या डब्यातली चिंच मागितली. मग ते, बाई आणि मुलं सतरंजीवर बसून मला घासू लागले. चिंचेच्या आंबट पाण्यानं अंग चुरचुरत होतं, नखं लागत होती, दांडीवर एक ओरखडाही उमटला. इतकं सुख मला कोणत्याही पूजेत मिळालं नव्हतं. काटा मधोमध आला तेव्हा यशश्रीनं पेरू टाकले. ते सारखेच निघाले. म्हणजे हँगर खरा होता, हेही मला सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं.

आता मी खिडकीपाशी हँगरच्या शेजारी असतो. मुलांनी त्याला आधी उचललं की माझ्या पोटात अजून दुखतं, पण थोड्या वेळानं माझीही पाळी येते.

कपाटात मात्र अजून एक पृथ्वीचा गोल आहे, आणला त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत. दिवसभर तो काचेतून माझ्याकडे टक लावून पाहतो. त्या नजरेत काय आहे ते माझ्याइतकं कुणाला कळणार? मित्रांनो, बाईंना कुलूप उघडायला सांगा आणि त्याला लवकर खाली घ्या.