किल्ल्याच्या पायातला माणूस

लेकीचं लग्न जोधपूरला करायचं, हे उदयने मनात पक्कं केलं होतं. आता फक्त व्याह्यांना पटवायचं होतं. म्हणून रविवारी लंडनमधल्या पिनरच्या आपल्या घरी जेवणं उरकल्यावर त्याने टीव्हीवर राजस्थान लावलं. स्वतः काढलेले फोटो आणि प्रत्येकाखाली रंजक माहिती. असल्या माहितीचा त्याला भारी सोस.

मिल्टन कीन्सहून आलेले इंद्रजित आणि राजश्री सोफ्यावर सभ्यपणे बसले होते. शेजारी त्यांचा मुलगा जय आणि उदयची लेक अक्षरा, म्हणजे नवरा-नवरीच. व्याही बौद्ध. आपल्या घरात कुणाच्या तोंडून वावगा शब्द जाऊ नये म्हणून उदय आठवडाभर इतका जपत होता, की बायको वैजयंती वैतागली होती. साध्या माणसासारखं वाग, असं तिने सुनावलंही. ते काही त्याला जमण्यातलं नव्हतं.

इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठी गुलाबी रंगवलेलं जयपूर झालं. जैसलमेरचा किल्ला, ज्यात अजून लोक राहतात, तोही झाला. गाडी छान चालली होती. मग जोधपूरचा मेहरानगड आला.

"हा किल्ला टिकावा म्हणून पायात जिवंत माणूस पुरला, असं सांगतात," उदय रंगात येऊन म्हणाला. "कुणी एक स्थानिक माणूस. स्वखुशीने तयार झाला. इमॅजिन!"

राजश्रीने चहाचा कप खाली ठेवला. "राजाराम मेघवाल," ती म्हणाली. "तिथे त्यांच्या नावाचा दगड आहे. जय लहान असताना आम्ही मुद्दाम त्याला दाखवायला नेलं होतं. तुम्हाला दिसला असेल ना?"

दिसला होता. त्याचा फोटोही होता. सकाळीच उदयने तो गाळला होता आणि नाव काढून तिथे 'स्थानिक माणूस' असं लिहिलं होतं. मेघवाल म्हणजे तिकडची दलित जात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..." तो म्हणाला आणि बोलता बोलताच त्याचे कान तापले.

"नावाचं कसलं वाईट वाटायचं?" इंद्रजित शांतपणे म्हणाले. "त्याला पुरलं, ते ठेवलंत की तुम्ही."

वैजयंती उगाच रिकामे कप गोळा करायला लागली. उदयला तोंड कुठे लपवावं कळेना. आपल्या ज्या जपण्याचं आठवडाभर कौतुक वाटत होतं, त्याचीच आता त्याला लाज वाटत होती.

अक्षरा बापाकडे बघत होती.

"बाबा, पुण्याला सगळ्यांना फोन केलास ना तू, एंगेजमेंटचं सांगायला? जयचं आडनाव सांगितलंस?"

जयनेही मान वर केली. पुण्याच्या काकांनी आडनाव विचारलं होतं खरं. तेव्हा उदय दोनदा हॅलो हॅलो म्हणाला होता, आवाज येत नाहीये म्हणाला होता, आणि फोन ठेवून दिला होता.