चार घसे बसले

आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही. ट्रॅक्टर घ्यायचा का? बघू. आत्याकडे आठ दिवस राहायला जाऊ का? बघू. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कुणाला तोंडावर नाही म्हटलेलं मला आठवत नाही, आणि त्या ‘बघू’नंतर त्यांनी काही बघितल्याचंही आठवत नाही. त्यामुळे पुण्याच्या नाटक कंपनीत मला काम मिळालंय, चार महिन्यांचा दौरा आहे, दुसऱ्या नायिकेचं काम आहे, हे मी जेवताना सांगितलं आणि तात्या भाकरी मोडत ‘बघू’ म्हणाले, तेव्हा आईनं माझ्याकडे न बघताच माझ्या ताटात कालवण वाढलं.

मी नूतन, गाव अवसरी बुद्रुक. तोवरची माझी नाट्यकारकीर्द अशी होती: शाळेच्या गॅदरिंगमध्ये झाड, तेही दोन वर्षं, आणि दुसऱ्या वर्षी झाडाला एक वाक्य होतं. मग मंचरच्या कॉलेजात एकांकिकांमधून तीन आया आणि एक भूत. पुढे सरकारी पथनाट्यात, गावोगाव हिंडून लोकांना हात धुवायला शिकवणं. डिंभ्याला परतीची एसटी आलीच नाही म्हणून त्याच लोकांपुढे तेच पथनाट्य आम्ही दोनदा केलं. दुसऱ्या खेळाला गर्दी जास्त होती, पण हात कुणी धुतले असतील असं वाटत नाही.

एवढ्या भांडवलावर मी पुण्याला निवडचाचणी दिली आणि दिग्दर्शिका तेजस्विनी मॅडमनी मला चक्क निवडलं. तालीम सोमवारपासून होती. रविवारी सकाळी दहापर्यंत कळव, नाहीतर दुसरी मुलगी बघते, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. आणि शनिवारी गावची यात्रा.

कुणी म्हणेल, तेवीस वर्षांची घोडी, विचारायचं कशाला, जायचं. मैत्रिणीही तेच म्हणत होत्या. पण मला तात्यांचा होकार हवा होता. नाटकाचं वेड मला त्यांच्यामुळेच लागलं. गेली तीस वर्षं यात्रेच्या नाटकात चांगदेव, म्हणजे आमचे तात्या, हेच हिरो. केस पांढरे झाले तेव्हा हिरोचा बाप झाले, एवढाच फरक. गोठ्यात ते वाक्यं पाठ करायचे, मी वही धरून बसायची आणि म्हशी ऐकायच्या. त्यांचा ‘जा’ ऐकल्याशिवाय मी गेले असते, तर रोज विंगेत उभी राहून रडले असते. खोटं कशाला सांगू?

त्यांना नाटक वाईट वाटत नव्हतं. त्यांना भीती वाटत होती, आणि ती कशाची, हे मला ठाऊक होतं. पूर्वी आमच्या गावच्या नाटकात बायकांची कामं करायला बाहेरून बाई आणायचे. लंकाबाई यायच्या. दुपारी एसटीतून उतरायच्या आणि संध्याकाळी गावातल्या कुणाची तरी बायको नाहीतर बहीण होऊन पब्लिकला रडवायच्या. दुसऱ्या दिवशी स्टँडवरच्या टपरीवर त्यांच्याबद्दल जे बोलणं चालायचं, ते तात्यांनी तीस वर्षं ऐकलं होतं. एकदा मला म्हणाले, “आमीबी हसायचो गं त्यात.” एवढंच म्हणाले आणि बैलांना पाणी पाजायला उठून गेले.

आता यात्रेकडे येते, कारण सगळी गंमत तिथं झाली.

आमच्याकडे बैलगाडा म्हणजे जीव की प्राण. पण शर्यतींवर सात वर्षं बंदी होती. त्या सात वर्षांत यात्रा कमिटीनं नाटकाचं वेळापत्रक बसवून टाकलं: पहिल्या दिवशी नाटक, तेही संध्याकाळी पाचला. बिबट्यामुळे मळ्यातली माणसं अंधार पडायच्या आत घर गाठतात, म्हणून पाच. सगळं सुरळीत चाललं होतं. त्यातली शेवटची दोन वर्षं करोनात यात्राच झाली नाही. त्यानंतर कोर्टानं बंदी उठवली आणि गाव येडं झालं. शर्यती कधी? पहिल्या दिवशी सकाळी! ठराव एकमतानं मंजूर. नाटक कधी? नेहमीप्रमाणं पहिल्या दिवशी पाचला! तोही एकमतानं मंजूर. दोन्ही ठरावांना हात वर करणारी माणसं तीच होती, आणि नाटकात कामं करणारीही तीच. शर्यतीत गप्प बसून कुणी बघत नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

सकाळी आठला घाट, म्हणजे शर्यतीचा चढ, सुरू झाला. सात वर्षं तात्यांनी बैल विकले नव्हते, लोकांनी नावं ठेवली तरी. आमचा गाडा सुटला आणि तात्यांनी ‘भिर्रर्र’ अशी काही आरोळी ठोकली, की पलीकडच्या मळ्यातली कुत्री भुंकायला लागली. अकरा सेकंदांत बैल वर! भंडारा उधळला. मग माझा चुलतभाऊ सूरज ओरडला, शेजारचा पप्पू ओरडला, आमचा धाकटा काका ओरडला. हे चौघं दुपारी एकपर्यंत प्रत्येक गाड्यामागं ओरडत होते, दुसऱ्याचा असला तरी.

चार वाजता शाळेच्या खोलीत रंगरंगोटी चालू होती. सुनील गुरुजी वही घेऊन आले. नाटक त्यांनीच लिहिलेलं, पडद्याआडून वाक्यंही तेच सांगणार. म्हणाले, “चांगदेवराव, पहिल्या एन्ट्रीचं वाक्य एकदा घ्या बरं.”

तात्यांनी तोंड उघडलं. आतून सायकलच्या पंपासारखा आवाज आला.

गुरुजी हसले. त्यांना वाटलं चेष्टा चाललीय. मग सूरजकडे वळले, पप्पूकडे वळले, काकाकडे वळले. चारही पंप. नाटकात पाच पात्रं: कडक बाप, त्याचा भाऊ, त्याचा मुलगा, बघायला आलेला नवरदेव आणि मुलगी. मुलीची आई भिंतीवरच्या फोटोत. म्हणजे बोलू शकणारी मी एकटी.

आई गुळण्यांचं पाणी, ज्येष्ठमध, खडीसाखर सगळं घेऊन आली आणि चौघांना ओळीनं बसवून पाजत म्हणाली, “बैलं गप पळाली. ह्येंच्याच तोंडाला चाकं लागलेली.”

“नाटक रद्द करू,” गुरुजी म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. पण तोवर बाहेर दीड हजार माणूस सतरंज्या पसरून बसला होता.

पडदा वर गेला. तात्या फेटा बांधून माईकपुढे आले, करारी नजरेनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “ह्ह्ह ह्ह ह्ह्ह.”

“आवाज! आवाज वाढवा!” मागून ओरडा झाला. माईकवाल्यानं आवाज वाढवला. आता ‘ह्ह्ह’ अख्ख्या गावाला ऐकू आला.

मी दोन पावलं पुढे सरले. आणि मग तोंडातून आपोआप निघालं, “काय म्हणता, बाबा? पाहुणे पाच वाजता येणार? आणि मी निळी साडी नेसू?”

तात्यांनी मान हलवली. पब्लिक हसलं. मला तर अख्खं नाटक पाठ होतं, गोठ्यात वही धरून धरून. मग मी सुटलेच. काका आला, पुटपुटला. मी म्हणाले, “काका, कानात काय सांगता? मोठ्यानं सांगा की, पोरगी शिकली म्हणजे डोक्यावर बसते!” सूरज रागानं हात उडवत घुसला. मी म्हणाले, “दादा, ओरडू नकोस, सगळं कळलं मला. शहरात नोकरी करायची नाही, हेच ना?” तो नुसता हात उडवत राहिला, आणि खरं सांगायचं तर आवाजासकट तो एवढं चांगलं काम कधीच करत नाही.

कहर झाला तो पप्पूच्या प्रवेशाला. नवरदेव झालेला पप्पू लाजत उभा. मी म्हणाले, “मी तुम्हाला पसंत आहे म्हणता? शेती आठ एकर आहे म्हणता? पाणी बारमाही आहे म्हणता?” मग जरा थांबून, “नाही, मला नाही करायचं लग्न.” स्वतःच मागणी घातली, स्वतःच नाकारली. गावानं डोक्यावर घेतलं. बायका तर पदर तोंडात कोंबून हसत होत्या. मला इतका आनंद झाला होता, की पाय जमिनीला लागत नव्हते. त्या दीड तासात मला पहिल्यांदा कळलं, की मला हे काम खरंच येतं.

मग शेवटचा प्रवेश आला.

गुरुजींच्या नाटकाचा शेवट असा: मुलगी नोकरीचं पत्र हातात घेऊन विचारते, बाबा, जाऊ का? बाप म्हणतो, नाही, या घरातली लेक बाहेर जायची नाही. मुलगी पत्र फाडते, पाया पडते, पडदा. हा शेवट बदला म्हणून मी गुरुजींच्या किती मागे लागले होते. “गावाला असाच आवडतो,” असं म्हणून त्यांनी मला वाटेला लावलं होतं.

मी विचारलं, “बाबा, जाऊ का?”

तात्यांनी ओठ हलवले. काहीच ऐकू आलं नाही. आता त्यांचं वाक्य मी म्हणायचं होतं.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं. दीड तास मी तात्यांच्या तोंडी वाक्यं घालत होते आणि ते माना डोलवत होते. आणखी एक घातलं तर? “काय म्हणता, बाबा? जा म्हणता?” एवढंच. दीड हजार माणसांपुढे, माईकवर. त्यांनी नाही म्हणायचं ठरवलं असतं तरी आवाज कुठं होता त्यांना? गाव टाळ्या वाजवेल, तात्यांची मान खाली जाईल, आणि उद्या सकाळी मी मॅडमना फोन करेन. जिभेवर आलं होतं माझ्या. अगदी टोकावर.

मी तोंड मिटलं. माझ्याच तोंडचा होकार घेऊन मी काय करणार होते?

मी गप्प उभी राहिले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. पडद्याआडून गुरुजींचा जीव वरखाली होत होता. “नाही म्हणता का? असं म्हण! नूतन! नाही म्हणता का, बाबा!” त्यांची कुजबुज माईकनं उचलली. पुढच्या रांगेत खसखस पिकली.

तात्यांनी फेटा काढला. हे नाटकात नव्हतं. ते माईकजवळ आले, दोन्ही हातांनी तो धरला आणि खरवडून काढावा तसा आवाज काढला.

“तालीम कवापासून हाय?”

गुरुजी भराभरा पानं उलटायला लागले. नाटकातली मुलगी बँकेत लागली होती. तिला कसली तालीम?

“सोमवारपासून,” मी म्हणाले. माझा आवाज त्यांच्यापेक्षा लहान आला.

“ऱ्हायाचं कुठं?”

“चार मुली मिळून खोली. मॅडमच्या घरामागं.”

“आता इचारताय व्हय!” बायकांच्या घोळक्यातून आई उभी राहिली. “म्हैनाभर कानीकपाळी वरडतीय ती!”

हशा झाला. एव्हाना सगळ्यांना कळलं होतं, की हे नाटकातलं चाललेलं नाही. आमच्या गावात कुणाच्या घरी काय शिजतंय ते चुलीच्या आधी शेजाऱ्याला कळतं. तात्या हसले नाहीत. त्यांनी माईक धरूनच पब्लिककडे तोंड केलं. टपरीवरचे सगळे पुढच्या सतरंजीवर बसले होते, त्यांच्यावर नजर ठेवून ते म्हणाले, “ही जाणार. नाटकात काम करणार. आन् हिला माघारी कोण काय बोललं ना, तर...”

तिथं आवाज गेला. ओठ हलत होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, पण नुसती हवा येत होती. ते माझ्याकडे वळले. सबंध संध्याकाळ मी त्यांना वाक्यं पुरवली होती, हेही पुरवावं म्हणून. मला येईना. घसा सकाळपासून ठणठणीत होता माझा, आणि एक शब्द फुटत नव्हता. मी नुसती उभी राहिले, डोळे वाहत होते.

मग पुढच्या सतरंजीवरून कुणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं, “न्हाई बोलणार, चांगदेवभाऊ. कोणबी न्हाई बोलणार.”

त्याच्या शेजारचा म्हणाला, मग त्याच्या मागचा. बहुतेकांचे घसे सकाळीच बसले होते. तरी सगळं ऐकू आलं.