सहा चिमटे

"अर्धा तिचा, अर्धा त्याचा!" ती फोनवर ओरडली. "तिचा चॉकलेटचा, त्याचा व्हॅनिलाचा. एकाच केकमध्ये!"

मागे तीन यंत्रं एकदम पिळायला लागली होती. इस्पितळाच्या धुलाईखान्यात पिळणी सुरू झाली की शेजारी उभ्या बाईचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे बेकरीवाल्याचं काय येणार? त्यानं विचारलं होतं, "वर लिहायचं काय?" तिला त्यातलं फक्त "काय?" ऐकू आलं.

"किती वेळा सांगू हो? अर्धा तिचा, अर्धा त्याचा!"

"बरं बरं, तसं लिहितो," तो म्हणाला. तेही तिला ऐकू आलं नाही.

वाढदिवसाचं अर्धं काम उरकलं होतं. उरलेल्या अर्ध्यात फुगे, कलिंगड आणि पाव-जॅम. पाच वाजता पोरं आत, सात वाजता पोरं बाहेर. थोरलीचा वाढदिवस नऊ तारखेला, धाकट्याचा अकराला, म्हणून दोघांचा मिळून दरवर्षी दहाला. दोनदा घर आवरायला नको, दोनदा लोकांची पोरं सांभाळायला नकोत. गेल्याच महिन्यात नणंदेनं मुलाच्या वाढदिवसाला हॉल घेतला, जादूगार आणला आणि पुढचे चार दिवस कंबर शेकत पडून राहिली. वाढदिवस पोराचा आणि कंबर आईची, असा हा उद्योग आहे. फोटो पोराचे निघतात. कंबरेचा कुणी काढत नाही.

सात तारखेला सकाळी ती थोरलीची वेणी घालत होती.

"आई, दहा तारखेला आपल्या घरात कोण जन्मलं?"

"कुणी नाही. मान सरळ धर."

"मग केक कुणाचा?"

"दोघांचा."

"म्हणजे कुणाचाच नाही." पोरीनं मान सरळच धरली होती. "मागच्या वर्षी माझ्या मेणबत्त्यापण त्यानंच विझवल्या. तू म्हणालीस, जाऊ दे, तू मोठी आहेस ना."

"मग? लहान होता तो."

"मीपण लहानच होते. मी फक्त त्याच्यासमोर मोठी असते."

आईचा हात वेणीत अडकला.

"मी नाही येणार दहाला," पोरगी म्हणाली. "मी गच्चीवर बसणार. कर तू त्याचाच."

आईला राग आला. पोरगी उलट बोलली म्हणून नाही. खरं बोलली म्हणून. ती स्वतः पाच भावंडांत थोरली. "तू मोठी आहेस ना" हे वाक्य ऐकत तिनं चौघांना कडेवर वागवलं, सातवीत शाळा सोडली आणि इस्त्रीच्या तापल्या रोलरसमोर येऊन उभी राहिली. हे वाक्य बोलणाऱ्याचं काही जात नाही. ऐकणारीचं सगळं जातं. आणि आता तेच वाक्य तिच्या तोंडातून, तिच्या आईच्याच सुरात, बाहेर पडत होतं.

"तुला पाहिजे तरी काय? दुसरी पार्टी मला झेपायची नाही, आधीच सांगते."

"पार्टी नकोच. नऊ तारखेला दिवसभर मला कुणी 'तू मोठी आहेस ना' म्हणायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच. आणि जो म्हणेल त्याच्या कपड्याला चिमटा लावायचा. कपडे वाळत घालायचा, लाकडी. रात्रीपर्यंत काढायचा नाही."

आई हसली. याहून बिनकष्टाचा वाढदिवस जगात झाला नसेल, असं तिला वाटलं.

नऊ तारखेला सकाळी सातच्या आत तिला पहिला चिमटा बसला.

"अगं, दे ना त्याला तो पेला, रडतोय बघ, तू मो—"

"चिमटा!"

"पुरतं कुठे म्हटलं मी?"

"मो म्हटलंस."

नवरा गॅरेजमध्ये बसगाड्या दुरुस्त करायचा. स्वतःला फार हुशार समजायचा. तो म्हणाला, "तू काही आता लहान नाहीस, हो ना?" थोरलीनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि दोन चिमटे लावले. एक वाक्याबद्दल, एक लबाडीबद्दल. तसाच तो कामावर गेला. तिकडे हेड मेकॅनिकनं विचारलं, तर म्हणे, "घरून शिक्षा आहे." शेजारच्या आजी वाटीभर साखर मागायला आल्या, तेच वाक्य बोलल्या आणि अंबाड्यात चिमटा लावून घेऊन गेल्या. आरशात बघून म्हणाल्या, "बरा दिसतो की!"

संध्याकाळी मोजणी झाली. बाबा पाच, आजी एक, आई सहा.

सहा. तेही जीभ चावून चावून, डोळ्यांत तेल घालून काढलेल्या दिवसात. एरवीच्या दिवसात किती, याचा विचार करायची तिची छाती झाली नाही. थोरली मात्र खुशीत होती. आईच्या खांद्यावरचे चिमटे ती पुन्हा पुन्हा सरळ करत होती, एखाद्या साहेबाची पदकं नीट करावीत तशी.

दहाला ती गच्चीवर गेली नाही. फुगे फुगवायला बसली. पण केक यायची वेळ झाली तशी गप्प झाली.

दहा-बारा पोरं जमली. नणंदही आली, नवाकोरा ड्रेस घालून. तिनं खोलीभर नजर फिरवली.

"वहिनी, खेळ नाहीत, जादूगार नाही. पोरं दोन तास करतील काय?"

"पोरं? दंगा करतील. त्याला शिकवणी लागत नाही."

तेवढ्यात कुणाला तरी चिमट्यांची टोपली सापडली, धाकट्यानं सगळ्यांना कालचा नियम सांगितला, आणि पोरं एकमेकांच्या पाठीला चिमटे लावत घरभर पळायला लागली. एवढ्यावर तासभर निघाला. जादूगाराला जमलं नसतं.

मग खोका उघडला. अर्धा केक काळपट, अर्धा पांढरा, आणि वर गुलाबी क्रीमनं ठळक अक्षरांत लिहिलेलं: अर्धा तिचा, अर्धा त्याचा.

"अगं बाई!" नणंद ओरडली. "केक आहे की वाटणीपत्र?"

सगळे हसले. आई हसली नाही. तिनं थोरलीकडे पाहिलं. वेणी घालताना पोरगी 'म्हणजे कुणाचाच नाही' म्हणाली होती, तेच आईनं क्रीमनं लिहून घरी आणलं होतं.

थोरलीनं अक्षराला अक्षर जोडून वाचलं. ओठ घट्ट मिटले. मग एकदम म्हणाली, "आई! तू हे कामावरून फोनवर ओरडलीस ना? आणि त्यानं तेच लिहिलं!" आणि ती जी हसायला लागली ती फरशीवर बसलीच.

धाकट्याला वाचता येत नव्हतं, पण कळलं सगळं. त्यानं भोकाड पसरलं. "मला तिचापण पाहिजे! काळावाला पाहिजे!"

"दे गं त्याला," नणंद म्हणाली, "तू मोठी आहेस—"

"चिमटा!" बारा पोरं एका सुरात ओरडली.

थोरली उठून उभी राहिली. "नियम कालचा होता, आत्या. आज नाही."

"आजपण आहे," आई म्हणाली. "रोज आहे." आणि टोपलीतला चिमटा घेऊन तिनं स्वतःच्या हातानं नणंदेच्या नव्याकोऱ्या बाहीला लावला.

धाकटासुद्धा रडायचा थांबला. थोरलीनं आईकडे जरा वेळ पाहिलं. मग केकजवळ गेली.

"माझ्यातला अर्धा त्याला द्या. पण त्याच्यातला अर्धा मला. आणि मेणबत्त्या आधी माझ्या. मी एकटी."

आठ लावल्या. आठही तिनं एका फुंकरीत विझवल्या. मग पाच पुन्हा पेटवल्या, आणि धाकट्यानं त्या फुंकरीपेक्षा थुंकीनंच जास्त विझवल्या. पांढऱ्या बाजूचा तेवढा भाग नणंदेच्या ताटलीत गेला. तिनं तो मुकाट्यानं खाल्ला. सातला दार बंद झालं.

अकराला सकाळी धाकटा डोळे चोळत आला. "आज मला कुणी 'तू लहान आहेस' म्हणायचं नाही!"

"नाही रे म्हणणार, पण दूध ओतू नकोस, लहान आहेस अजू—"

कामावर पोचली तेव्हा एक चिमटा तिच्या ॲप्रनला तसाच होता.

दुपारी मुकादम वही घेऊन आला. "बाई, या रविवारची सुट्टी नव्या पोरीला देऊ. तुमची पुढे बघू. तुम्ही काय, मोठ्या आहात, समजून घ्याल."

वीस वर्षं तिनं समजून घेतलं होतं. तिनं ॲप्रनचा चिमटा काढला आणि मुकादमाच्या खिशाला लावला, पेनाशेजारी.

"हे काय?"

"दंड," ती म्हणाली. "रविवार आळीपाळीनं लावा. या वेळचा माझा. घरी पोरं आहेत, दोन."

घड्या घालणाऱ्या बायकांचे हात थांबले. कुणीतरी फिसकन हसलं. मुकादमानं खिशाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, वहीत रविवारपुढचं नव्या पोरीचं नाव खोडलं आणि हिचं लिहिलं. चिमटा काढायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

रोलरमधून गरम चादर बाहेर येत होती. तिनं दोन कोपरे धरले, समोरच्या बाईनं दोन, आणि दोघी एकमेकींकडे चालत आल्या.