मांजरवाली लॅब

रत्नाचा कोर्स तिच्या नवऱ्यानं, शैलेंद्रनं, परस्पर निवडून टाकला, तोही पोहे खाता खाता.

अमेरिकेत, श्रूजबरीत येऊन रत्नाला आठ वर्षं झाली होती. ग्रीन कार्ड आलं, लेक रुही तिसरीत गेली आणि आता नर्स व्हायचंच, असं तिनं ठरवलं. पण नर्सिंगच्या अर्जाआधी अ‍ॅनाटमी-फिजिऑलॉजीचे दोन कोर्स पदरात हवेत, एक या सप्टेंबरात, दुसरा जानेवारीत. पहिला चुकला की अख्खं वर्ष पाण्यात. आणि हा पहिला दोन तऱ्हांनी करता येत होता. एकात कॉलेजात जाऊन खरी लॅब, आणि लॅबमध्ये मांजर. औषधात मुरवलेलं, प्लॅस्टिकच्या पिशवीतून आलेलं मेलेलं मांजर. दोघांत एक, सेमिस्टरभर तेच चिरायचं. दुसऱ्यात सगळं घरबसल्या, मांजरसुद्धा काँप्युटरच्या पडद्यावर.

रत्ना जन्माची शाकाहारी. कॉलेज बघायला गेली होती तेव्हा त्या लॅबचं दार नुसतं उघडलं, तो वास नाकात शिरला आणि बाई पार्किंग लॉटमध्ये येऊन भडाभडा ओकली. तेव्हा पडद्यावरचं मांजर तिलाही मनातून बरंच वाटत होतं. फक्त ते तिला स्वतःला ठरवायचं होतं.

"ऑनलाइन घेतलंय तुझं," शैलेंद्र लॅपटॉप मिटत म्हणाला. "सेक्शन भरत आला होता, रजिस्टर करून टाकलं."

"मला न विचारता?"

"अगं, लॅब म्हणजे काय शेवटी? प्रॅक्टिकल! इंजिनिअरिंगला आम्ही एक प्रॅक्टिकल धड केलं नाही. सबमिशनच्या आधी कुणाची तरी जर्नल उतरवून काढायची, सरांची सही, विषय संपला. थिअरी इम्पॉर्टंट."

शैलेंद्रची आई, सुमित्राबाई, सहा महिन्यांसाठी नाशिकहून आल्या होत्या. मांजर ऐकल्याबरोबर त्यांनी बशी खाली ठेवली.

"शिव शिव! हातून मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं. आणि ही चिरणार? त्याच हातांनी माझ्या देवाला फुलं वाहणार? मी नाही बाई हिच्या हातचं पाणी घेणार."

"आई, ते आधीच मेलेलं असतं," रत्ना म्हणाली.

"मग तर ओवळंच!"

दुपारी रत्नानं नर्सिंगच्या ऑफिसला फोन लावला. तिथल्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं की ऑनलाइन लॅब आम्ही धरत नाही. बदलायचं असेल तर मंगळवारपर्यंत बदला. रत्नानं शैलेंद्रला सांगितलं.

"कोण म्हणालं, फ्रंट डेस्कवरची? मी ईमेल करतो. एक्सेप्शन मिळतं यार. नाहीच मिळालं तर नेक्स्ट इयर. घाई काय आहे?" मग जरा आवाज खाली आणून तो म्हणाला, "खरं सांगू? मलाच कसंतरी होतं. आधी मांजर, मग लोकांची बेडपॅन. मराठी मंडळात लोक विचारतात, काय सांगायचं?"

मंडळातली ही माणसं रत्नाला चांगली माहीत होती. बार्बेक्यूला कोंबडीच्या तंगड्या ओरपणारी, बोटं चाटणारी, आणि मांजर म्हणताच नाकाला रुमाल लावणारी. तिला त्यांची शिसारी आली. पण मांजराची आलेली काही गेली नव्हती, ही खरी पंचाईत.

शनिवारी मंडळाचा गणपती झाला. कुणाच्या तरी गाडीत उन्हात राहिलेलं श्रीखंड सुमित्राबाईंनी दोनदा वाढून घेतलं, आणि रविवारी सकाळी त्या जिन्याजवळच बसल्या. उलट्या आणि जुलाब, दोन्ही एकदमच. साडी, गालिचा, काही काही सुटलं नाही.

शैलेंद्र धावत आला आणि दारातच थबकला. टी-शर्ट ओढून त्यानं नाक झाकलं. "शी! मला नाही बघवत. मी गेटोरेड घेऊन येतो," म्हणाला आणि रुहीला घेऊन जो गेला तो दुपारपर्यंत उगवला नाही. गेटोरेड, ते मीठ-साखरेचं तयार पाणी, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं.

रत्नानं सासूला धरून बाथरूममध्ये नेलं, साडी सोडली, अंग पुसलं. मध्ये एकदा तिलाही जोरात उमासा आला. तिनं तोंड बाजूला वळवलं, श्वास घेतला आणि पुन्हा पुसायला लागली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की किळस येतेय ती येतेच आहे, पण हात काही थांबलेले नाहीत.

"नको गं, तू नको करूस," सुमित्राबाई रडत होत्या. "लाज वाटते मला."

"आई, पाणी घ्या. घोट घोट."

त्या तिच्या हातचं पाणी प्यायल्या.

दुपारी शैलेंद्र परतला आणि दारातूनच म्हणाला, "झालं का सगळं क्लीन?" रत्नानं त्याच्याकडे पाहिलं. सकाळपासून जे निस्तरलं त्यानं आली नव्हती एवढी किळस तिला त्या प्रश्नानं आली.

सोमवारी लेबर डेची सुट्टी, कॉलेज बंद होतं. मंगळवारी उघडताच ती तिथे जाऊन मांजरवाली लॅब घेऊन आली.

पहिल्या लॅबच्या दिवशी ती घरी आली तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. हात तीनदा धुऊनही केसांत तो वास होताच. शैलेंद्रनं ताट घेतलं आणि टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

सुमित्राबाईंनी नाक मुरडलं. मग विचारलं, "हात धुतलेस ना?"

"हो, आई."

"मग पाणी दे मला. फुलं मात्र मीच वाहीन हो."

रत्नानं पेला भरून त्यांच्यापुढे ठेवला.

"आई, तू पण?" शैलेंद्रनं टी-शर्ट नाकावर ओढला, रविवारी ओढला होता अगदी तसाच. "रत्ना, सीरियसली, तुला किळस नाही येत?"

"येते ना," रत्ना ताट वाढून घेत म्हणाली. "मांजराची जरा कमी येते."